गुळव्याचं पथ्य

मार्गशीर्ष लागला की नगरच्या माझ्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातही मला कधीकधी ताज्या गुळाचा वास येतो. कुठून येतो कोण जाणे. आसपास गुऱ्हाळ म्हणून उरलेलं नाही. उसाच्या गाड्या जातात त्या सरळ कारखान्याच्या रस्त्याने. सून म्हणते, "आई, खाली चहाची टपरी आहे, तिथला असेल." असेलही. पण टपरीवरच्या चहाच्या वासाने मला चिपाडांचा धूर, पहाटेचं धुकं आणि पायाला झोंबणारी ओली माती आठवायचं काही कारण नाही.

यंदा हा वास जरा जास्तच छळतो आहे, कारण यंदा मला गोडाची बंदी झाली आहे. श्रावणात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्या नातवाच्या वयाच्या त्या मुलाने मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "आजी, भात, पोळी, बटाटा अगदी कमी. गोड बंद." मी उभा जन्म शाळेत पोरांना शिस्त लावली. मला वाटलं, यात काय मोठंसं. आठव्या दिवशी मी देवापुढचा पेढा पदराखाली लपवून मोरीत उभं राहून खाल्ला. खाताना आबा आठवले. आठवले तरी खाल्ला, हेही कबूल करते.

आबा म्हणजे माझे वडील. ते गुळवे होते. उसाचा रस काहिलीत कढवून त्याचा गूळ करणारा जो कारागीर, तो गुळव्या. चरकाचे बैल हाकायला, चुलाणात चिपाडं सारायला माणसं पुष्कळ मिळत. पण उकळता पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा गुऱ्हाळावर एकच. थोडी घाई झाली तर गूळ पाघळतो, थोडा उशीर झाला तर करपतो. आबा पाकाचा थेंब गार पाण्यात सोडत, त्याची गोळी वळत, ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकत आणि मग जिभेवर ठेवून डोळे मिटत. त्या वेळी बैलसुद्धा थांबलेत की काय असं मला वाटायचं. मग ते म्हणत, "उतरवा." माणसं दांडे लावून काहील उचलत आणि सोन्याच्या रंगाचा तो पाक निववायच्या वाफ्यात ओतला जाई.

आमचं गाव प्रवरेच्या पाटाकाठी. भंडारदऱ्याचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागून काही शिवारांत जमिनी खारवल्याही. आबा गुळाचा खडा जिभेवर ठेवून सांगत, हा ऊस वरच्या तुकड्यातला, हा नाल्याकडचा. त्यांची जीभ हीच आमच्या घरची इस्टेट होती.

लढाईचे दिवस होते. साखर कार्डावर मिळायची, तीही शहरात. मी सतरा वर्षांची, सातवी फायनल होऊन गावच्या शाळेत पहिलीच्या पोरी सांभाळणारी. माझं लग्न जमत नाही म्हणून आई काळजीत होती. तेवढ्यात तिला दुसरी, त्याहून मोठी काळजी मिळाली. आबांच्या पायात, अंगठ्याच्या मुळाशी, उसाचं धसकट घुसलं. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. हळद भरून झाली, पाला बांधून झाला, दिवाळी गेली तरी जखम भरेना. तहान तर अशी की रात्रभरात तांब्यामागून तांबे रिकामे. अंगावरची बंडी सैल झाली. एके दिवशी आईने गोठ्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आबा लघवीला बसत त्या जागी मुंग्यांची रांग लागली होती.

आगगाडीने आम्ही नगरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, बोलायला शांत. त्यांनी पाय पाहिला, लघवी तपासली आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "मधुमेह आहे. जखम आतून सडते आहे. लघवीतली साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. तिथे थांबलं नाही तर पाय." सुईचं औषध होतं, पण लढाईमुळे मोजकंच येई आणि अगदी शेवटाला आलेल्यांनाही पुरत नसे. "आधी खाण्यावर बघू या. संक्रांत झाली की या. तेव्हा ठरवू." काहिलीपाशी दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला पाय नसेल तर त्याचं काय होतं, हे आम्हा तिघांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

बाईंनी दिलेली छापील यादी मी परतीच्या गाडीत मोठ्याने वाचली. साखर, पेढे, जिलबी, भात, पाव, बिस्किटं, बटाटे, केळी, सगळं वर्ज्य. ऐकता ऐकता आबांचा चेहरा उजळत गेला.

"पाव? म्या जल्मात पाव खाल्ला न्हाई. अगं, ह्यातलं आपन खातोच काय?"

"भात तरी कुटं, सनासुदीला," आई म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. इतकं सोपं पथ्य असेल असं वाटलं नव्हतं. यादीत गूळ नव्हता आणि नसल्याचं आम्हाला नवलही वाटलं नाही. गूळ आमच्या लेखी गोड पदार्थ नव्हताच. तो अन्न होता, औषध होता. उन्हातून आलेल्याला गूळ, बाळंतिणीला गूळ, थकल्याभागल्याला गूळ. जखम लवकर भरावी म्हणून आई उलट रोज सकाळी आबांच्या हातावर नेहमीपेक्षा मोठा खडा ठेवू लागली. आणि भाकरी तर जेवणच. तिला पथ्य कसलं? बाईंनी हसतमुखाने जेवा असं सांगितलं होतं, आबा पाच भाकऱ्या हसतमुखाने जेवत.

दवाखान्यातून मला काचेची एक नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली मिळाली होती. नळीत थोडं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं वाईट आणि विटेसारखं तांबडं म्हणजे फार वाईट. आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या चुलीजवळ ह्ये आनलंस तर बघ!" म्हणून माझी प्रयोगशाळा गोठ्यात. कालवड मान वळवून बघत उभी असायची आणि मी नळी हलवत असायची. निळ्यात आधी हिरवट ढग यायचा, मग पिवळा, मग सगळी नळी विटकरी. रोज. तीन आठवडे रोज.

"नळीच खराब असंल," आबा म्हणाले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आम्ही परत नगरला गेलो.

बाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय खाता, सांगा."

आबांनी सुरुवात केली, "उठलं की गूळ-शेंगदाने."

बाईंचा लिहिता हात थांबला. "गूळ?"

"व्हय. साखर न्हाई बाई, गूळ. सवता करतो. चोख असतोय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "चूक माझी. ही यादी शहरातल्या लोकांसाठी केलेली आहे. तुम्ही कोण, काय करता, हे मी विचारायला हवं होतं." मग त्यांनी यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं: गूळ नाही, काकवी नाही, रस नाही, ऊस नाही. भाकरी दिवसाला एक. पालेभाजी, अंडी, मासे, ताक हवं तितकं.

स्टेशनावरच्या बाकावर बसून मी रडले. शिकलेली मुलगी म्हणून यादी माझ्या हातात दिली होती, आणि मीच ती वाचून आबांना तीन आठवडे गूळ खाऊ दिला होता.  आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संक्रांतीला पाच आठवडे उरले होते.

माणसाला भूक लागते ती पोटाला, असं मी तोवर समजत होते. आबांना ती हातांना लागायची, डोळ्यांना लागायची. आई पालेभाजीची परात भरून ठेवी. मेथी, चाकवत, शेपू, पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, वर लसणाची फोडणी. अंडी असत. पाटातले मासे असत. ताकाचा तांब्या असे. आबा सगळं संपवत आणि हात धुवायला उठायच्या ऐवजी तसेच ताटाकडे बघत बसत.

"प्वाट भरतंय गं," ते म्हणायचे, "पन जेवल्यागत वाटंना."

हे वाक्य मला यंदाच्या श्रावणापर्यंत कळलं नव्हतं. आता रोज दुपारी कळतं.

आईने मग एक केलं. आधी ती आबांना दुपारी अर्धी आणि रात्री अर्धी भाकरी वाढायची. एक दिवस तिने तळहाताएवढ्या दोन छोट्या भाकऱ्या थापल्या, पीठ तेवढंच, आणि ताटात अख्खी भाकरी वाढली. आबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "कुनाच्या भातुकलीतली हाय?" म्हणाले, पण हसले. त्या दिवशी जेवून लगेच उठले. अर्धी भाकरी ताटात दिसली की माणूस उरलेल्या अर्धीचा विचार करतो, हे आईला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. पुढे आम्ही तिघंही तसल्याच भाकऱ्या खाऊ लागलो. मी मात्र चार खायची.

घरात हे जमत आलं. पंचाईत झाली ती गुऱ्हाळावर. पाकाची गोळी आबा आता जिभेवर न ठेवता नुसत्या आवाजावर पारखत, ते निभत होतं. आमच्याकडे रीत अशी, की काहील उतरली की पहिला खडा गुळव्याने सगळ्यांदेखत खायचा. मग मालकाने, मग आल्यागेल्याने. गुळव्याने खाल्ला म्हणजे गूळ चोख. आबांनी खडा हातात घ्यायचा आणि तसाच बाजूला ठेवायचा, असं दोन-तीन दिवस चाललं. लोकांच्या नजरेतून हे कसं सुटणार? मळ्याचे मालक तात्या संध्याकाळी घरी आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"आबा, वाईट वाटून घेऊ नगा. लोक म्हनत्यात, गुळव्या सवताचा गूळ खाईना. कायतरी घातलंय त्यात. म्या काय सांगू त्यास्नी?"

आबांनी उद्या सांगतो म्हणून त्यांना वाटेला लावलं. रोगाचं नाव त्यांनी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. गुळव्याला गोडाचा रोग व्हावा याची त्यांना लाज वाटायची. तीस वर्षं ज्यांनी ऊस ओळखला त्यांच्या अंगाने असा दगा द्यावा, आणि गावाने त्यावर हसावं, हे त्यांना सोसणार नव्हतं. तात्या गेल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "उद्या शेवंताला संगं नेतो." शेवंता म्हणजे मी.

बाईमाणसाने काहिलीजवळ जाऊ नये अशी तेव्हा समजूत होती. आबांनी मला सरळ काठाशी नेऊन उभं केलं. काहील उतरली. माणसं जमली. आबांनी खाली बसून पायाची पट्टी सोडली आणि जखम सगळ्यांसमोर धरली.

"ह्यो पाय ऱ्हावा म्हनून म्या गूळ सोडलाय. मला मधुमेह हाय. गुळात कायबी घातल्यालं न्हाई. आजपास्नं माज्या वाटचा घास माजी ही लेक खाईल."

कुणीतरी कुजबुजलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आबांच्या पायाकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरून मला जागा देत म्हणाले, "खा गं बाय."

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी गुऱ्हाळावर जायची. खडा जिभेवर ठेवायची आणि आबा परीक्षा घेतल्यासारखे विचारायचे. खारट हाय? घशाला खरखर? जाळाचा वास येतोय? आधी मला नुसतं गोड लागायचं. मग हळूहळू गोडाच्या आतलं कळायला लागलं. नाल्याकडचा ऊस मीही ओळखायला लागले. मात्र एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मी घास गिळला की आबांच्या गळ्याची घाटी हलायची. रिकाम्या तोंडाने ते माझ्याबरोबर गिळायचे. मला तो गूळ कधी सुखाने खाता आला नाही.

नळी विटकरीची पिवळी झाली. तिथेच अडली. मग एका सकाळी मी दिवा पेटवला, थेंब टाकले, उकळलं, आणि नळी निळीच राहिली. स्वच्छ निळी. मी पुन्हा उकळलं. निळीच. मी नळी हातात धरून ओरडत घरात धावले. आई चूल सोडून उठली, नळी चुलीजवळ आल्याचंही तिला भान राहिलं नाही. तिने फडताळातला नारळ काढला, मारुतीला निघाली.

"नारळ ठिव," आबा ओसरीवरून म्हणाले.

"का?"

"इहिरीचं पानी हाय त्ये."

आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी काहिलीच्या तळाची खरवड खाल्ली होती. गरम, चिवट, शेंगदाणे घालून, मूठ मूठ. सकाळी माझ्यासमोर तांबडी नळी येऊ नये म्हणून लघवीच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून दिलं. ज्यांनी रसात कुणाला चूळभर पाणी मिसळू दिलं नाही, त्या आबांनी मला पाणी दिलं होतं. आणि मी, आठवडेच्या आठवडे तो वास सहन करणारी, उकळताना वास का आला नाही एवढाही विचार केला नव्हता. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी बोललेच नाही. आईने नारळ फोडलाच. त्याची चटणी वाटली, भाजीबरोबर आबांच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "देवाला फुडचा."

दुपारी आबा शाळेत आले. शाळेत ते कधी आले नव्हते. पोरींच्या देखत दाराशी उभे राहून म्हणाले, "शेवंते, संक्रांत लई लांब हाय गं. एवढं लांबचं धरवंना मला. म्या आपलं ही काहील उतरस्तवर न्हाई खानार, एवढंच धरतो. ती उतरली की मंग फुडची बघू." मी मान हलवली. 

दिवसाला दोन काहिली उतरत, कधी तीन. तेवढे तेवढे तुकडे करून त्यांनी मार्गशीर्ष संपवला. खरवड निघायच्या आधीच ते बाजूला होत, पाटावर जाऊन बसत, पाण्यात पाहत. एकदा मी गेले तर हरभऱ्याचे घाटे सोलून त्यातला एकेक दाणा सावकाश चावत होते. "लई आंबट-गोड हाय," म्हणाले, "पैल्यांदा कळलं." गुळाची सवय सुटली तशी त्यांना बाकीच्या चवी सापडू लागल्या होत्या. ताकातली गोडी, शेपूचा उग्र वास, कच्च्या कांद्याचं पाणी. जेवताना ते आता बोलायला लागले होते.

पौषात नळी हिरवी झाली. गढूळ हिरवी, मग स्वच्छ हिरवी. एका सकाळी निळी झाली तेव्हा मी नळी नाकाशी नेऊन आधी वास घेतला. आबा दारातून बघत होते. ते पोट धरून हसले. संक्रांतीला गाव तिळगूळ घेऊन आलं. आबांनी प्रत्येकाचा हातात घेतला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नगरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि जखमेच्या कडेवर हलकंच बोट फिरवलं. कडा गुलाबी झाल्या होत्या, मधली खोली भरत आली होती. त्यांनी लघवी स्वतः तपासली. मग म्हणाल्या, "पाय राहील. अंगठाही राहील."

आईने भिंतीला हात टेकला.  आबांनी विचारलं, "मंग ह्ये पथ्य अजून कवापत्तोर?"

"जन्मभर, आबा."

मी घाबरले. एवढे दिवस एकेका काहिलीपुरतं धरून चालणाऱ्या माणसाला बाईंनी एकदम सगळा डोंगर दाखवला होता.  आबा म्हणाले, "म्हंजे मी जगनार हाय?"

बाईंनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे काय?"

"मला वाटलं, ह्या दोगी लपिवत्यात. म्हटलं, जायाचंच हाय तर पायानं चालत जावं. ह्यास्नी उचलाया लागू नये. तेवढ्यासाठी धरलं."

"पुष्कळ जगाल," बाई म्हणाल्या. "असंच पाळलंत तर पुष्कळ."

मला वाटायचं, माणसाला आशा असते म्हणून तो पथ्य पाळतो. आबांना आशा नव्हतीच. त्यांनी आधी पाळलं, रोज पाळलं, मधे एकदा मोडलं, पुन्हा पाळलं. आशा त्यांना त्या दिवशी दवाखान्यात भेटली. आई पदरात तोंड लपवून रडत होती आणि मीही. आबांनी पट्टी बांधून घेतली, वहाण पायात सरकवली, उभे राहून दोन्ही पायांवर नीट भार देऊन पाहिला आणि म्हणाले, "शेवंते, गाडी कितीची हाय? सांजच्या काहिलीला पोचाया हवं."